'ग्रिसल' शब्दाचा अर्थेतिहास आणि बर्कचे १७७५ चे भाषण

इंग्रजी भाषेतील 'ग्रिसल' हा शब्द आजच्या वाचकास परिचित असतो तो बहुधा भोजनाच्या संदर्भात. मांसाच्या घासात दातांना दाद न देणारा, कितीही चावला तरी न तुटणारा पांढुरका तुकडा लागला, तर इंग्रज मनुष्य त्यास ग्रिसल म्हणतो आणि हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवतो. शब्दाच्या स्पेलिंगमध्ये मधला 'टी' लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. 'चिवट', 'चावण्यास अयोग्य', 'टाकाऊ' या छटा शब्दाला आज इतक्या घट्ट चिकटलेल्या आहेत की त्याला दुसरा काही अर्थ असू शकेल, अशी शंकाही सहसा येत नाही.

ही शंका न येणे इतिहासाच्या अभ्यासकास कसे महागात पडते, याचे एक ठळक उदाहरण म्हणजे एडमंड बर्कचे अमेरिकन वसाहतींशी समेट करण्याविषयीचे भाषण. २२ मार्च १७७५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात केलेल्या या भाषणात न्यू इंग्लंडमधील देवमाशांच्या शिकाऱ्यांचे वर्णन करून बर्क शेवटी त्या लोकसमाजाविषयी म्हणतो की, तो अद्याप ग्रिसलच्या अवस्थेत आहे, पुरुषत्वाच्या हाडापर्यंत कठीण झालेला नाही. आजचा अर्थ मनात धरून हे वाक्य वाचणाऱ्यास दोनच वाटा उरतात. एक तर बर्क त्या लोकांच्या चिवटपणाची स्तुती करीत आहे असे समजावे, नाही तर त्यांना निकृष्ट ठरवीत आहे असे समजावे. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. बर्कच्या मनात असलेले ग्रिसल चिवट नव्हते. ते कोवळे होते. हा भेद वरकरणी लहान दिसला, तरी साम्राज्य आणि वसाहत यांच्या नात्याविषयी बर्कला नेमके काय म्हणावयाचे होते, या प्रश्नाचा निर्णय बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.

शब्दाचे मूळ पाहू गेल्यास तो अस्सल जर्मानिक कुळातील ठरतो. जुन्या इंग्रजीत तो आढळतो, जुन्या फ्रिसियन भाषेत आणि मध्ययुगीन लो जर्मनमध्ये त्याचे सगोत्र शब्द आहेत. इ. स. ७०० च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या एपिनाल शब्दसंग्रहात 'कार्टिलागो' या लॅटिन शब्दाचा प्रतिशब्द म्हणून 'नाकाचे ग्रिसल' अशा अर्थाचा जोडशब्द दिलेला आहे. म्हणजे इंग्रजी भाषेच्या लिखित इतिहासाच्या अगदी आरंभी हा शब्द पाकशाळेत नसून शरीराच्या वर्णनात आहे, तोही मृत पशूच्या नव्हे, तर नाकासारख्या प्रत्येकाने बोटाने चाचपून पाहिलेल्या अवयवाच्या. दळलेल्या धान्यास इंग्रजीत 'ग्रिस्ट' म्हणतात. दात करकर खाणे या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदातही हेच अक्षररूप आहे. या साऱ्यांचे ग्रिसलशी खरोखर रक्ताचे नाते आहे की केवळ ध्वनिसाम्य, याविषयी व्युत्पत्तिकारांत एकमत नाही. मात्र ग्रीक भाषेत 'खोन्ड्रोस' या एकाच शब्दाने भरडलेले धान्य आणि कूर्चा या दोन्ही गोष्टींचा बोध होत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे दाताखाली कुरकुरणाऱ्या दाण्याची आणि दाताखाली कुरकुरणाऱ्या मऊ हाडाची सांगड माणसाने एकाहून अधिक भाषांत घातली असावी, ही कल्पना अगदीच निराधार वाटत नाही. (याच ग्रीक शब्दापासून 'हायपोकॉन्ड्रिया' ही संज्ञा आली. छातीच्या कूर्चेखालील पोटाचा भाग हा तिचा मूळ अर्थ. तेथे खिन्नतेचे मूळ असते अशी समजूत असल्यामुळे तो पुढे एका मनोविकाराचा वाचक झाला.)

फ्रेंच भाषेतील साक्ष अधिक बोलकी आहे. तेथे 'तांद्रों' हा शब्द 'कोवळा' या अर्थाच्या विशेषणापासून निघाला आहे. झाडाचा कोवळा कोंब, वासराच्या छातीचा कूर्चायुक्त भाग आणि विनोदाने बोलताना अल्पवयीन तरुणी, असे तिन्ही अर्थ त्याने वागविले. कूर्चा म्हणजे अजून हाड न झालेले हाड, वाढीच्या वाटेवरील हाड, ही समजूत त्या शब्दाच्या पोटातच आहे. तिचा शास्त्रीय पाया ॲरिस्टॉटलपर्यंत जातो. हाड आणि कूर्चा यांची प्रकृती एकच असून त्यांत केवळ कमीअधिकपणाचा भेद आहे, असे त्याचे मत होते.

ग्रिसल म्हणजे स्वभावतः मृदू असणारा भाग, ही जाणीव इंग्रजीतही जिवंत होती. तिचा एक अप्रत्यक्ष पुरावा बायबलच्या भाषांतरात सापडतो. ईयोबाच्या ग्रंथात बेहेमोथ या अवाढव्य प्राण्याचे वर्णन आहे. १६०९-१० मध्ये कॅथलिक विद्वानांनी लॅटिनवरून केलेल्या दुए येथील भाषांतरात त्याच्या ग्रिसलला लोखंडी पत्र्यांची उपमा दिली आहे. १६११ च्या राजमान्य प्रॉटेस्टंट भाषांतरात त्याच ठिकाणी हाडे आहेत. दुएच्या पाठाची शक्ती ग्रिसल मऊ असते या गृहीतावर उभी आहे. ज्याचे मऊ भागसुद्धा लोहासारखे, त्याच्या हाडांची कथा काय सांगावी, असा तो कैमुतिक न्याय आहे. ग्रिसल मुळातच चिवट मानले, तर ही अतिशयोक्ती निम्मी लंगडी पडते.

आता या शब्दाची पदच्युती कशी झाली ते पाहावे. 'कार्टिलेज' हा लॅटिन कुळातील शब्द पंधराव्या-सोळाव्या शतकांत वैद्यकीय ग्रंथांच्या भाषांतरांतून इंग्रजीत रुळू लागला. तरीही देशी शब्दाने जागा लगेच सोडली नाही. हेल्काया क्रूक याने १६१५ मध्ये मानवी शरीररचनेवरील आपला बृहद्ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यावर लंडनच्या वैद्यसंस्थेने आक्षेप घेतला आणि त्यातील काही प्रकरणे लोकभाषेत येणे त्या मंडळींना असह्य झाले. त्या ग्रंथात ग्रिसल हा शब्द कोणत्याही संकोचाशिवाय शास्त्रीय संज्ञा म्हणून वावरतो. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी मात्र चित्र पालटलेले दिसते. विल्यम हंटर याने सांध्यांतील कूर्चेची रचना व तिचे रोग यांवर १७४३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या सुप्रसिद्ध निबंधाच्या शीर्षकातच कार्टिलेज हा शब्द आहे. विद्येच्या दरबारात आता परभाषेचे नाणे चालू झाले होते.

सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा कोश या संक्रमणाच्या ऐन मध्यावर उभा आहे. त्याने ग्रिसलचा अर्थ दिला तो केवळ कार्टिलेज एवढाच. त्यात मांसाचा उल्लेख नाही, चिवटपणाचा नाही, ताटाच्या कडेचा तर नाहीच. बर्क आणि जॉन्सन हे १७६४ मध्ये स्थापन झालेल्या एकाच साहित्यिक क्लबाचे सभासद होते. अमेरिकेच्या प्रश्नावर त्यांची मते परस्परविरुद्ध होती. वसाहतींवर कर बसविण्याचे समर्थन करणारी जॉन्सनची पुस्तिका बर्कच्या या भाषणाच्याच महिन्यात निघाली. पण राजकारणात कितीही अंतर असले तरी दोघांची शब्दसंपत्ती एकाच पेढीतील होती. तेव्हा १७७५ मध्ये सुशिक्षित इंग्रज श्रोत्याच्या कानावर ग्रिसल हा शब्द पडला असता त्याच्या मनात प्रथम काय उभे राहत असेल, याचा निर्णय करण्यास जॉन्सनची साक्ष पुरेशी मानण्यास हरकत नसावी.

यात एक गंमतीची विसंगती आहे. नॉर्मन विजयानंतर शेतातील पशूचे नाव सॅक्सन राहिले आणि ताटातील मांसाचे नाव फ्रेंच झाले, हा सिद्धांत सर वॉल्टर स्कॉटच्या १८१९ च्या अखेरीस निघालेल्या 'आयव्हॅनहो' कादंबरीमुळे सर्वतोमुखी झाला. वस्तुतः प्रकरण इतके सरळ नाही, कारण पशू आणि मांस यांच्या नावांतील हा काटेकोर भेद स्थिर होण्यास पुढे बराच काळ लागला. तथापि तो सिद्धांत ढोबळमानाने स्वीकारला तरी ग्रिसलची कहाणी नेमकी उलट्या दिशेने जाते. येथे परकीय शब्द प्रयोगशाळेत गेला आणि देशी शब्द ताटावर उरला. ज्या शब्दाने एके काळी राजाच्या नाकापासून देवमाशाच्या सांगाड्यापर्यंत सर्वांचा समाचार घेतला, त्याच्याकडे शेवटी खाटिकाची आणि आचाऱ्याची चाकरी तेवढी राहिली.

चाकरी बदलली तसा शब्दाचा विषयही बदलला. स्वयंपाकघरातील ग्रिसल म्हणजे केवळ कूर्चा नव्हे. स्नायू हाडाला बांधणारे कंडरे, मांसाचे पदर वेगळे करणारी आवरणे, पशूच्या मानेतील पिवळसर रबरी बंध, हे सारे त्या एका नावाखाली जमा झाले. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे पदार्थ एकमेकांपासून भिन्न आहेत. कंडरे आणि आवरणे यांत मुख्यतः कोलाजेन हे प्रथिन असते. पाण्यात मंद आचेवर तासन्‌तास शिजविल्यास त्याचे जिलेटिन होते आणि रश्शाला दाटपणा व चिकटपणा येतो. आपल्याकडील पायाच्या रश्शाचे सारे वैभव याच क्रियेवर उभे आहे. मानेतील बंधात प्राधान्य इलास्टिनचे. ते कितीही उकळले तरी विरघळत नाही. खरी कूर्चा या दोहोंहून निराळी, ती न विरघळता कुरकुरीत राहते. जेवणाऱ्याच्या दाताला मात्र हे भेद कळत नाहीत. त्याला कळतो तो एकच गुण, विरोध. शब्द शास्त्राच्या ताब्यातून दाताच्या ताब्यात गेला आणि त्याची व्याख्या रचनेवरून न होता अडचणीवरून होऊ लागली, असे म्हणता येईल. ही अडचणही सार्वत्रिक नाही. चिनी आणि जपानी भाषांत कूर्चेचे नाव 'मऊ हाड' असेच आहे, आणि कोंबडीची मऊ हाडे निखाऱ्यावर भाजून आवडीने खाण्याची चाल जपानात चांगलीच प्रतिष्ठित आहे. तेव्हा ग्रिसलची निंदा ही वस्तूच्या अंगची नसून इंग्रजी ताटाच्या शिष्टाचाराची आहे.

बर्कच्या वाक्याकडे वळण्यापूर्वी आणखी एक साक्ष घेणे उपयुक्त ठरेल. तिचा इंग्रजी शब्दाच्या इतिहासाशी संबंध नाही. परंतु मराठी वाचकास बर्कची प्रतिमा समजून घेण्याचे साधन तिच्यात आयते सापडते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हाडांचे पाच प्रकार सांगितले आहेत : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. त्यांपैकी तरुण हाडे नाक, कान, मान आणि नेत्रकोश या ठिकाणी असतात असे तेथे म्हटले आहे. नाक आणि कान यांचा उल्लेख पाहता 'तरुण' म्हणजे आजच्या भाषेत कूर्चा, याविषयी शंका उरत नाही. निदानस्थानात अस्थिभंगाचा विचार करताना प्रत्येक प्रकारच्या हाडावर आघाताचा परिणाम कसा निराळा होतो ते सांगितले आहे : नलक हाडे मोडतात, कपाल दुभंगतात, रुचक म्हणजे दात फुटतात, आणि तरुण हाडे वाकतात. शल्यचिकित्सकाच्या अनुभवातून आलेले हे वर्गीकरण आहे. सुश्रुताने हाडांची संख्या तीनशे मानली आणि वेदवादी तीनशे साठ मानतात असे नमूद केले. प्रौढ मानवी सांगाड्यातील आजच्या दोनशे सहा या संख्येशी ती जुळत नाही याचे एक कारण असे की त्या गणनेत दात आणि तरुण हाडे यांचाही समावेश होता. रुडॉल्फ हर्नले याने १९०७ मध्ये प्राचीन भारतीय अस्थिविज्ञानावर लिहिलेल्या ग्रंथात या गणनेची बारकाईने छाननी केली आहे.

'तरुण' या विशेषणाची योजना येथे महत्त्वाची आहे. नाकाचे हाड म्हातारपणीही तरुणच राहते, ते कधी प्रौढ होत नाही. तरी त्याच्या मृदुत्वाला वयाचे नाव दिले गेले, कारण बालकाच्या शरीरात जे सर्वत्र दिसते ते येथे जन्मभर टिकून राहिले, असा तो विचार असावा. एपिनालच्या शब्दसंग्रहकाराने उदाहरण घेतले तेही नाकाचेच. दोघांमध्ये कसलाही संपर्क संभवत नाही. नाक ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर असते, एवढाच त्या दोघांतील दुवा.

आता मूळ प्रसंग. १७७५ च्या आरंभी लॉर्ड नॉर्थच्या सरकारने न्यू इंग्लंडच्या वसाहतींचा व्यापार आणि उत्तर अटलांटिकमधील त्यांची मासेमारी बंद करणारे विधेयक आणले होते. बर्क बोलावयास उभा राहिला त्याच सुमारास ते विधेयक वरिष्ठ सभागृहाकडून परत आले होते, आणि भाषणाच्या आरंभीच त्याने त्याचा उल्लेख केला. ३० मार्च रोजी त्यास राजाची संमती मिळाली. म्हणजे बर्क देवमाशांच्या शिकाऱ्यांचे चित्र रंगवीत होता ते केवळ अलंकार म्हणून नव्हे. ज्या धंद्यावर कायद्याची कुऱ्हाड पडत होती, त्या धंद्याचीच ती साक्ष होती. हडसनच्या उपसागरातील आणि डेव्हिसच्या सामुद्रधुनीतील बर्फापासून दक्षिणेत फॉकलंड बेटापर्यंत, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून ब्राझीलच्या किनाऱ्यापर्यंत या लोकांची गलबते कशी फिरतात, हे सांगून त्याने हॉलंडची चिकाटी, फ्रान्सची चपळाई आणि खुद्द इंग्लंडचे व्यवहारचातुर्य यांना या कामात मागे पडलेले दाखविले. आणि मग, जणू श्रोत्यांना वय विसरू नका असे बजावण्यासाठी, ग्रिसलची प्रतिमा आली.

ही प्रतिमा भाषणात एकटी नाही. लोकसंख्येचा विचार करताना बर्कने वसाहतींत युरोपीय वंशाचे किमान वीस लाख आणि त्यांशिवाय पाच लाख इतर लोक असल्याचा अंदाज दिला, आणि त्यांची वाढ बालकाच्या वाढीशी ताडून पाहिली. हे 'इतर' लोक बहुतांशी गुलाम होते. ते त्याच्या गणनेत आले, प्रतिमेत मात्र आले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. व्यापाराच्या बाबतीत त्याने १७०४ आणि १७७२ या दोन वर्षांचे आकडे समोरासमोर ठेवले. वेस्ट इंडीज आणि आफ्रिका धरून वसाहतींकडे होणारी निर्यात या काळात सुमारे पाच लाख सत्तर हजार पौंडांवरून साठ लाखांच्या वर गेली होती. धान्याच्या बाबतीत तर त्याने रोमन कथेतील कन्येचा दृष्टान्त घेतला : जुन्या जगावर दुष्काळाची पाळी आली असती, पण या बालकाने आपल्या यौवनाचे दूध थकलेल्या मातेच्या मुखी लावले. बालक, मूल, कन्या, तरुण हाड. सारा युक्तिवाद वयाच्या भाषेत चालला आहे. या मालिकेत ग्रिसलचा अर्थ 'चिवट' असा घेणे म्हणजे माळेतील एकच मणी उलटा ओवणे होय.

प्रतिमेचा रोख दुहेरी आहे. हाडे अजून कोवळी असता जो समाज एवढे करून दाखवितो, तो हाडे पक्की झाल्यावर काय करील, हा तिचा एक अर्थ. आणि यात नॉर्थच्या सरकारला दिलेला इशारा आहे. दुसरा अर्थ तितकाच महत्त्वाचा असून तिकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. कोवळे हाड दाबल्याने मोडत नाही, ते वाकते आणि वाकडेच वाढते. वाक्यानंतर लगेच बर्क सांगतो की ही वाढ इंग्लंडच्या दक्ष शासनाने झालेली नाही. शहाणपणाच्या आणि हितकर अशा दुर्लक्षामुळे निसर्गाला आपल्या मार्गाने जाऊ दिले म्हणून ती झाली. वाढत्या अंगाला आवळून बांधू नये, हा दाईचा सल्लाच त्याने राज्यनीतीच्या भाषेत दिला. सभागृहाने तो मानला नाही. ठराव २७० विरुद्ध ७८ अशा मतांनी बाजूस सारला गेला आणि १९ एप्रिल रोजी लेक्झिंग्टन येथे गोळी झाडली गेली.

परंतु या प्रतिमेची मर्यादाही याच ठिकाणी आहे. वसाहतींच्या वाढीसाठी त्या शतकात निरनिराळ्या प्रतिमा योजल्या गेल्या, आणि प्रत्येकीच्या पोटी निराळे राजकारण होते. फ्रान्समध्ये त्युर्गो याने १७५० मध्येच वसाहतींना फळाची उपमा दिली होती. पिकेपर्यंत फळ झाडाला धरून राहते, पिकले की गळते. अमेरिकाही एके दिवशी तसेच करील, असे भाकीत त्याने केले होते. फळाच्या उपमेत वियोग हा निसर्गक्रमच आहे. हाडाच्या प्रतिमेत तसे नाही. कोवळे हाड पक्के होते ते त्याच देहात राहून. म्हणून बर्कला भवितव्याची चाहूल लागली होती असे मानले, तरी स्वातंत्र्याचे भाकीत त्याने या शब्दांत केले असे म्हणणे सयुक्तिक होणार नाही. वसाहती प्रौढ होणार हे त्याला दिसत होते. त्या प्रौढ झाल्यावरही साम्राज्याचे एकच शरीर टिकावे, ही त्याची इच्छा होती, आणि त्याने निवडलेल्या शब्दात ती इच्छा सामावली आहे.

हा गुंता सोडविला तो टॉमस पेनने. जानेवारी १७७६ मध्ये निघालेल्या 'कॉमन सेन्स' या पुस्तिकेत त्याने बालकाची प्रतिमा जशीच्या तशी उचलली आणि तिची दिशा फिरविली. इंग्लंडच्या छत्राखाली अमेरिकेची भरभराट झाली म्हणून ते छत्र कायम हवे, या युक्तिवादाला त्याचे उत्तर असे की, मूल दुधावर वाढले म्हणून त्याला कधीच मांस देऊ नये असे म्हणण्यासारखे हे आहे. बर्कने वसाहतीच्या देहात कोवळे हाड पाहिले. पेनने त्याच देहाला दात आले असल्याचे दाखवून दिले. दहा महिन्यांच्या अंतराने आलेल्या या दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या म्हणजे वैचारिक क्रांतीचा पल्ला जितका स्पष्ट दिसतो, तितका तो ठरावांच्या मसुद्यांतही दिसत नाही.

येथे शास्त्राच्या बाजूने एक टीप जोडणे अप्रस्तुत होणार नाही. कूर्चा कठीण होत होत हाड बनते, ही बर्कची समजूत त्याच्या काळी सर्वमान्य असली तरी तिला छेद मिळू लागला होता. रॉबर्ट नेस्बिट याने १७३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन व्याख्यानांत असे प्रतिपादन केले की कूर्चेचे रूपांतर हाडात होत नाही. हाड स्वतंत्रपणे तयार होते आणि कूर्चा नाहीशी होते. पुढील संशोधनाने हाच निष्कर्ष पक्का केला. लांब हाडांच्या वाढीत कूर्चेच्या पेशी फुगतात, त्यांभोवती चुना साचतो, मग तो सांगाडा झिजवून त्याच्या जागी दुसऱ्या पेशी हाड घालतात. गळपट्टीच्या हाडाच्या आतील टोकाशी हे काम विशी उलटून गेल्यावरही चालू असते. कवटीच्या माथ्यावरील हाडे तर कूर्चेच्या वाटेने येतच नाहीत. तेव्हा आजच्या शरीरशास्त्राप्रमाणे बर्कची प्रतिमा अक्षरशः खरी नाही. मात्र तिच्या आधारे, अमेरिकेतही जुन्या समाजाचे नव्या राष्ट्रात रूपांतर झाले नाही तर जुन्याच्या जागी नवे आले, असा सिद्धांत काढण्याचा मोह आवरलेला बरा. प्रतिमा इतिहासकाराला वक्त्याचे मन दाखवते. घटनांचा क्रम दाखवत नाही. (देवमाशांच्या व्यापारात 'हाड' म्हणून विकला जाणारा माल, म्हणजे त्यांच्या जबड्यातील पट्ट्या, प्रत्यक्षात ना हाड असतो ना कूर्चा, नखे आणि शिंगे ज्या द्रव्याची बनतात त्याच केराटिनचा तो असतो. व्यापाराच्या भाषेने शरीरशास्त्राची फारशी पर्वा कधी केलेली नाही.)

बर्कने ही प्रतिमा भारतासाठी वापरली नाही, ही बाब मराठी अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मार्च १७७५ हा महिना आपल्या इतिहासातही लहान नाही. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरतेस रघुनाथराव आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तह झाला आणि पहिल्या इंग्रज-मराठे युद्धाला तोंड फुटले. बर्कच्या भाषणाच्या वेळी लंडनमध्ये त्याची वार्ताही पोहोचलेली असणे शक्य नव्हते. पुढे १ डिसेंबर १७८३ रोजी फॉक्सच्या ईस्ट इंडिया विधेयकावर बोलताना मात्र बर्कने हे प्रकरण सविस्तर काढले. कंपनीने रघुनाथरावास मराठ्यांचे राज्य विकले, मग रघुनाथराव पेशव्यांना विकला, आणि शेवटी दोघांनाही वऱ्हाडच्या भोसल्यांपुढे विक्रीस मांडले, अशी त्या व्यवहाराची मांडणी त्याने केली. त्याच भाषणात त्याने भारतीय समाजाचे वर्णन केले ते प्राचीन आणि सुसंस्कृत लोक असे; इंग्रज अजून रानात राहत होते त्या युगापासून सभ्यतेच्या कलांत मुरलेले असे. ज्याला कोवळे हाड म्हणता येईल असा समाज त्याला येथे दिसला नाही. अमेरिकेच्या बाबतीत साम्राज्याचा गुन्हा त्याला वाढत्या अंगाला आवळण्याचा वाटला. भारताच्या बाबतीत तो पक्क्या हाडाचा देह तुकड्यांनी विकण्याचा वाटला. पुढील शतकात भारतीयांना राजकीयदृष्ट्या अल्पवयीन ठरविणारी जी भाषा इंग्रज शासनात रूढ झाली, तिचे पितृत्व या एका बाबतीत तरी बर्ककडे जात नाही.

राहिला मराठी प्रतिशब्दाचा प्रश्न. बर्कचे हे वाक्य मराठीत आणू पाहणाऱ्यापुढे आज निदान चार शब्द आहेत. गुडघेदुखीच्या चर्चेमुळे 'कूर्चा' घरोघर पोहोचला आहे. परंतु सुश्रुताच्या परिभाषेत कूर्च ही हातापायांतील वेगळीच रचना आहे, आणि आजच्या वापरात तो शब्द झिजण्याशी जोडला गेला आहे, वाढण्याशी नाही. 'उपास्थि' हाडाचे दुय्यमत्व सांगतो आणि पाठ्यपुस्तकांतील 'कास्थि' शास्त्रदृष्ट्या नेमका असला तरी वयाविषयी मुका आहे. मांस खाणारे लोक ज्याला कुरकुरीत हाड म्हणतात, ते ताटावरच शोभते. शिल्लक राहतो तो सुश्रुताचा 'तरुणास्थि'. आणि सभागृहात उभे राहून बोलणाऱ्या वक्त्याच्या तोंडी तो फार जड वाटला, तर साधे 'कोवळे हाड'.